संपीडन चाचणी (इंजिन)

संपीडन चाचणी ही अंतर्ज्वलन इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये निर्माण होणारा कमाल दाब मोजण्याची पद्धत आहे. पिस्टनच्या रिंगा, झडपा आणि हेड गॅस्केट दाब कितपत धरून ठेवतात, हे इंजिन न उघडता या चाचणीतून कळते. दाबमापक आणि स्पार्क प्लगचा पाना असल्यास पेट्रोल मोटारीची चाचणी घरीही करता येते. इंजिनाची ताकद घटणे, ते अडखळत चालणे किंवा तेल जास्त जळणे अशी लक्षणे दिसल्यास, तसेच जुनी मोटार विकत घेण्यापूर्वी ती केली जाते.

पूर्वतयारी

इंजिन काही वेळ चालवून गरम करतात. ते अतिशय तापलेले असताना प्लग काढल्यास ॲल्युमिनियमच्या हेडमधील आटे खराब होऊ शकतात, म्हणून ते थोडे निवू देतात. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक लावतात. इंधनपुरवठा आणि प्रज्वलन दोन्ही बंद करणे आवश्यक असते. अन्यथा छिद्रांतून बाहेर पडणारी पेट्रोलची वाफ ठिणगीने पेटू शकते. त्यानंतर सर्व प्लग काढतात.

कृती

दाबमापकाची नळी एका सिलिंडरच्या प्लगच्या छिद्रात बसवतात. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरतात आणि काटा स्थिर होईपर्यंत, म्हणजे संपीडनाचे साधारण पाच-सहा स्ट्रोक होईपर्यंत, स्टार्टरने इंजिन फिरवतात. हीच कृती प्रत्येक सिलिंडरवर तितक्याच स्ट्रोकसाठी करून नोंदी ठेवतात. बॅटरी अशक्त असल्यास किंवा ॲक्सिलरेटर दाबलेला नसल्यास निर्दोष इंजिनाचाही दाब कमी दिसतो.

निष्कर्ष

पेट्रोल इंजिनांत हा दाब बहुधा १२५ ते १८० पीएसआय असतो. नेमका आकडा उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेला असतो. समुद्रसपाटीपासून उंच ठिकाणी हवा विरळ असल्याने तो कमी भरतो. त्यामुळे एकट्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील तफावत अधिक महत्त्वाची ठरते. सर्वांत कमी दाब सर्वाधिक दाबाच्या किमान ७५ टक्के असावा, असा ढोबळ नियम आहे. उदाहरणार्थ, १७०, १६५, १६८ आणि ११० अशा नोंदी आल्यास चौथ्या सिलिंडरमध्ये दोष संभवतो.

दोषाची जागा ओळखण्यासाठी त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन तेल घालून पुन्हा मोजणी करतात. तेलाचा थर रिंगांभोवतीची फट तात्पुरती बुजवतो. दाब स्पष्टपणे वाढल्यास रिंगा किंवा सिलिंडरची भिंत झिजलेली असते. तो तसाच राहिल्यास झडपा किंवा गॅस्केट संशयास्पद ठरतात आणि दुरुस्ती बहुधा हेड काढून भागते. शेजारच्या दोन सिलिंडरांत दाब कमी असणे हे त्यांच्यामधील गॅस्केट फुटल्याचे लक्षण मानले जाते. अपेक्षेपेक्षा जास्त दाब ज्वलनकक्षात साचलेला कार्बन सुचवतो.

मर्यादा

डिझेल इंजिनातील दाब पेट्रोल इंजिनाच्या दुपटीहूनही अधिक असू शकतो. त्यासाठी पेट्रोल इंजिनाचे दाबमापक वापरणे धोक्याचे आहे. संपीडनाच्या उष्णतेने तेल पेटू शकत असल्याने डिझेल इंजिनात तेल घालून चाचणी करत नाहीत. गळतीची नेमकी वाट शोधण्यासाठी सिलिंडरमध्ये दाबाखालील हवा सोडून गळती चाचणी करतात.