तेरापैकी तेरा

२००६च्या हंगामात अमेरिकेतल्या अव्वल श्रेणीच्या ११९ कॉलेज फुटबॉल संघांपैकी फक्त एक संघ शेवटपर्यंत अपराजित राहिला, आयडाहो राज्यातल्या बॉयसी स्टेट विद्यापीठाचा. १३ सामने, १३ विजय. राष्ट्रीय विजेतेपद मात्र मिळालं फ्लोरिडाला, आणि फ्लोरिडा एक सामना हरलं होतं. हा निकाल मला तेव्हा पटला नव्हता आणि आजही पटत नाही.

खेळाची ओळख थोडक्यात उरकतो. फुटबॉल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोल्हापूरचं शाहू स्टेडियम आणि तिथल्या तालमींचे सामने येतात. हा खेळ तो नव्हे. यात चेंडू लंबगोल असतो आणि बहुतेक खेळ हातांनीच चालतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांचा. चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला की टचडाउन, म्हणजे ६ गुण. त्यानंतर एक जादा संधी मिळते: लाथेने चेंडू खांबांमधून मारून १ गुण घ्या, किंवा तीन यार्डांवरून पुन्हा रेषा ओलांडून २ घ्या. हा शेवटचा नियम तेवढा लक्षात ठेवावा.

बॉयसी स्टेटची सुरुवात १९३२ साली दोन वर्षांचं छोटं कॉलेज म्हणून झाली. फुटबॉलच्या अव्वल श्रेणीत हा संघ आला तो थेट १९९६ मध्ये. त्याच्या दहा वर्षं आधी, १९८६ साली, त्यांनी मैदानावर निळं कृत्रिम गवत अंथरलं होतं. हिरवा रंग सोडणारं हे अमेरिकेतलं पहिलं फुटबॉल मैदान. बॉयसीला गेलो तेव्हा हे गवत बघण्यासाठी मी मुद्दाम वाट वाकडी केली. मागे तपकिरी डोंगर, बाजूने वाहणारी नदी आणि मधोमध तो गडद निळा आयत. टीव्हीवर भडक वाटणारा हा रंग त्या कोरड्या उन्हात फार देखणा दिसतो. पुढे २०११ मध्ये हा संघ नव्या गटात गेला, तेव्हा गटातल्या सामन्यांत घरच्या मैदानावर नखशिखांत निळा पोशाख घालायचा नाही, अशी अट त्याच्यावर घातली गेली. निळ्यावर निळं दिसत नाही, अशी इतरांची तक्रार होती! मला ती मुळीच मान्य नाही.

२००६ साली मुख्य प्रशिक्षकपदी बढती मिळालेल्या ख्रिस पीटरसन यांचा तो पहिलाच हंगाम. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक होता जॅरेड झाब्रान्स्की. आदल्या वर्षी जॉर्जियाविरुद्धच्या सलामीच्या सामन्यात त्याने सहा वेळा चेंडू गमावला होता आणि संघ ४८-१३ असा हरला होता. चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक इयान जॉन्सन फावल्या वेळात क्रोशाच्या टोप्या विणायचा. ऑरेगन स्टेटला ४२-१४ हरवलं त्या सामन्यात एकट्या जॉन्सनने पाच टचडाउन केले. हंगामाअखेर त्याच्या नावावर २५ होते, देशात सर्वाधिक. यूटाला ३६-३ लोळवलं. सॅन होजे स्टेटविरुद्ध मात्र शेवटच्या क्षणी मारलेल्या किकवर २३-२० अशी सुटका झाली आणि त्या सामन्यात जॉन्सनच्या फुप्फुसाला इजा झाली. साखळीतले बाराच्या बारा सामने जिंकूनही क्रमवारीत जागा आठवी. अंतिम सामना पहिल्या दोघांतच व्हायचा आणि ते दोघे मतदान व संगणक मिळून ठरवायचे. बॉयसीच्या वाट्याला आला हंगामाअखेरचा फिएस्टा बोल हा सामना, १ जानेवारी २००७, अ‍ॅरिझोनातल्या ग्लेंडेलमध्ये, बलाढ्य ओक्लाहोमाविरुद्ध.

आता मी ज्यासाठी लिहायला बसलो तिथे येतो. तिसऱ्या सत्रात बॉयसी २८-१० पुढे होतं. ओक्लाहोमाने गाठत गाठत शेवटच्या दीड मिनिटात २८-२८ केलं. लगेच पुढच्या चेंडूवर झाब्रान्स्कीची फेक ओक्लाहोमाच्या मार्कस वॉकरने हवेतच पकडली आणि थेट टचडाउनपर्यंत नेली. २८-३५. जॉर्जियाचं भूत पुन्हा मानगुटीवर बसलं, असंच कुणालाही वाटलं असतं. शेवटी उरले १८ सेकंद, चौथा प्रयत्न आणि गाठायचे १८ यार्ड.

अशा वेळी सगळे लांब फेकीची वाट बघतात. झाब्रान्स्कीने चेंडू मध्यावर ड्रिसन जेम्सकडे फेकला. जेम्स एका बाजूला धावू लागला, बचाव करणारे त्याच्यावर धावले, आणि उलट दिशेने येणाऱ्या जेरार्ड रॅबच्या हातात त्याने चेंडू अलगद टाकला. एका प्रयत्नात चेंडू पुढे एकदाच फेकता येतो, पण मागे किंवा आडवा कितीही वेळा देता येतो. सारी करामत या नियमात आहे. रॅब ३५ यार्ड धावला आणि त्याने रेषेपार झेप घेतली. सात सेकंद बाकी, ३५-३५.

जादा वेळेत दोन्ही संघांना आळीपाळीने संधी मिळते. एड्रियन पीटरसनने पहिल्याच चेंडूवर २५ यार्ड धावून ओक्लाहोमाला ४२-३५ वर नेलं. बॉयसीने पुन्हा चौथ्या प्रयत्नावर उत्तर दिलं. झाब्रान्स्कीला बाजूला धाडून चेंडू थेट व्हिनी पेरेटाकडे दिला, आणि त्याने धावता धावता डेरेक शाउमनकडे फेकला. ४१-४२. एक गुण घेतला की बरोबरी आणि खेळ पुढे चालू. ख्रिस पीटरसननी दोन गुणांचा डाव लावला. माझ्या मते तोच शहाणपणाचा निर्णय होता. खेळ लांबला असता तर ओक्लाहोमाची ताकद भारी पडली असती. झाब्रान्स्कीने उजवीकडे तोंड करून रिकाम्या उजव्या हाताने फेकल्याचा आव आणला. चेंडू त्याच्या डाव्या हातात, पाठीमागे. तिथून तो जॉन्सनने उचलला आणि अंगाला कुणाचा हातही न लागता तो डावीकडून रेषेपार गेला. ४३-४२. ‘स्टॅच्यू ऑफ लिबर्टी’ नावाची ही चाल फार जुनी आहे, सगळ्या प्रशिक्षकांना पाठ आहे; तिची वेळ अचूक साधली, हे मोठेपण. चेंडूकडे पाहायचं सोडून झाब्रान्स्कीच्या डाव्या खांद्याकडे पाहत मी त्या चालीची चित्रफीत कितीदा तरी पाहिली आहे. तो खांदा शेवटपर्यंत काहीच सांगत नाही. लगोलग जॉन्सनने चिअरलीडरांच्या प्रमुख असलेल्या आपल्या मैत्रिणीला टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर लग्नाची मागणी घातली. ती हो म्हणाली.

पत्रकारांच्या अंतिम क्रमवारीत बॉयसी पाचवं आलं, पहिल्या क्रमांकाचं एकच मत मिळवून. ते मत देणारा बरोबर होता, असं मी मानतो. जो संघ कुणाकडूनच हरला नाही, त्याला विजेतेपदासाठी खेळायची संधी तरी मिळायला हवी होती. आता बाद फेरीचे सामने होतात आणि २०२४ पासून त्यात बारा संघ असतात. त्या पहिल्याच वर्षी बॉयसी स्टेट त्यात होतं, तिसऱ्या मानांकनासह. ग्लेंडेलच्या त्याच मैदानावर पेन स्टेटने त्यांना ३१-१४ हरवलं. २००६च्या संघाला एवढंही मिळालं नव्हतं.