रबाबाच्या साथीनं दोघे जण

शीख कीर्तनाची सुरुवात दोघांच्या गाण्यातून झाली. तळवंडीचे गुरू नानक (१४६९–१५३९) पदं रचून गात आणि त्याच गावचा मर्दाना रबाबावर साथ करी. मर्दाना जातीनं मिरासी, धर्मानं मुसलमान. देवळं, मठ, दर्गे, जिथं माणसं जमत तिथं हे दोघे बसत.

रबाब म्हणजे लाकडी खोडाचं, पोटावर कातडं ताणलेलं तंतुवाद्य. तार जव्यानं छेडली की गंभीर, थोडा घोगरा नाद उमटतो आणि शब्दाला जागा देऊन विरतो. उपदेशाला याहून चांगली साथ क्वचितच मिळेल.

गाण्याचा आशय मात्र मवाळ नव्हता. बाबरानं सैदपुरात कत्तल केली, तेव्हा नानकांनी ती पदांतून उघड धिक्कारली. ईश्वरालाही जाब विचारला.

हे दोघे दक्षिणेत आल्याची परंपरा मराठवाड्यात जिवंत आहे. नांदेडचा माळटेकडी गुरुद्वारा आणि लातूर जिल्ह्याच्या शेजारच्या बीदरमधला नानक झिरा त्यांच्या मुक्कामाशी जोडले जातात. नांदेडलाच १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी शिखांच्या धर्मग्रंथाला गुरुपद दिलं. त्यात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत, हे मराठी माणसाला अनेकदा ठाऊक नसतं.

मर्दानाची परंपरा सांगणारे मुसलमान रबाबी पुढं अमृतसरच्या सुवर्णमंदिरातही गात. १९४७ च्या फाळणीत त्यांतले बहुतेक पाकिस्तानात गेले. आज गुरुद्वाऱ्यांत बहुधा दोन पेट्या आणि तबला ऐकू येतो.