किती पावलांवर बसावं लागतं?

सायकलवरून शेतात जाऊन येताना काही होत नाही, पण आदिलाबादच्या बसस्टँडवरून कापसाच्या मार्केट यार्डाकडे पायी निघालं की पोटऱ्या भरून येतात, पाय जड होतात, मुंग्या येतात. कुठे ओट्यावर टेकलं की थोड्या वेळात पाय पुन्हा मोकळे. बेला, जैनथकडच्या मराठी घरांत साठी ओलांडलेलं कुणी असं सांगू लागलं की ‘मणक्यात गॅप आला’ म्हणतात आणि नागपूर की हैदराबाद, ऑपरेशन कुठे करायचं, याची चर्चा सुरू होते. ती बहुतेकदा फार लवकर सुरू होते.

कमरेच्या मणक्यांमधल्या पोकळीतून नसांची जुडी पायांकडे उतरते. वय वाढतं तशी गादी झिजून मागे फुगते, सांध्यांची हाडं वाढतात, आतले अस्थिबंध जाड होतात आणि ती वाट अरुंद होते. ताठ उभं राहिलं की ती आणखी आवळते, पुढे झुकलं की जराशी सैल होते. सायकल जमते आणि चालणं जमत नाही, ते यामुळेच. मात्र मधुमेह किंवा विडी-तंबाखू असेल तर आधी पायांच्या नाड्या तपासून घ्याव्यात. रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पोटऱ्या दुखतात. ते दुखणं नुसतं उभं राहिलं तरी थांबतं आणि सायकलवरही येतं.

एमआरआयच्या कागदावर ‘सिव्हिअर’ लिहिलेलं पाहून घर हादरतं. पण कसलाही त्रास नसलेल्या कित्येक म्हाताऱ्या माणसांच्या एमआरआयमध्येही अशी अरुंद वाट दिसते. किती पावलांवर बसावं लागतं आणि दोन महिन्यांत ती पावलं वाढली की घटली, याला मी जास्त महत्त्व देईन.

पावलं वाढवायचा मुख्य मार्ग व्यायाम. उताणं झोपून गुडघे छातीशी घेणं, पोटाचे आणि कुल्ल्यांचे स्नायू बळकट करणं, रोज सायकल, आणि टप्प्याटप्प्याने चालणं: पाय पूर्ण भरून येण्याआधीच बसायचं, मोकळे झाले की पुन्हा निघायचं. इथे एक चूक फार होते. शेजाऱ्याला गादी सरकल्यावर सांगितलेलं भुजंगासन आपणही करायचं. मागे वाकल्याने ही वाट आवळते, त्रास वाढतो. हाडं ठिसूळ झालेल्या बायकांनी पुढे वाकण्याचे व्यायामही फिजिओथेरपिस्टला विचारूनच करावेत. महिनाभर अंथरुणावर पडून राहिलं तर पायांची उरलेली ताकदही जाते.

अमेरिकेत २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑपरेशनला तयार असलेल्या १६९ रुग्णांपैकी काहींना ऑपरेशन, काहींना सहा आठवडे फिजिओथेरपी दिली. दोन वर्षांनी दोन्ही गटांची हालचाल जवळपास सारखीच सुधारली होती. फिजिओथेरपीच्या गटातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी मधल्या काळात ऑपरेशन करून घेतलं, हेही सांगायला हवं. व्यायामाने सगळ्यांचं भागत नाही. पण आधी तो मनापासून करून पाहिल्याने बहुतेकांचं काही बिघडत नाही.

गोळ्यांचा उपयोग मर्यादित. गावातल्या आरएमपीकडून दर आठवड्याला दुखणं थांबवणारी सुई टोचून घेतली तर मूत्रपिंड, रक्तदाब, जठर यांना त्याची किंमत मोजावी लागते. पाठीत द्यायच्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काहींना काही आठवडे आराम पडतो. पण ४०० रुग्णांच्या २०१४ सालच्या अभ्यासात, सहा आठवड्यांनी नुसत्या भूल देणाऱ्या औषधापेक्षा स्टिरॉइडचा फारसा जास्त फायदा दिसला नाही. मधुमेह्यांची साखर मात्र त्याने चढते.

या भागात पाण्याचीही चौकशी करावी. पैनगंगेपलीकडे पांढरकवडा परिसरातल्या भूजलात जादा फ्लोराइड आढळलेलं आहे. वर्षानुवर्षं तसं पाणी पोटात गेलं तर मणक्याचे अस्थिबंध हाडासारखे कडक होऊन वाट अरुंद होऊ शकते. कमरेबरोबर मान आणि सगळी पाठ ताठरली असेल तर बोअरचं पाणी तपासून घ्यावं. लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ ही शेवटची मर्यादा.

पाऊल उचलेनासं झालं, चप्पल पायातून निसटू लागली, बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर व्यायामाची वाट पाहू नये. त्याच दिवशी आदिलाबादच्या रिम्ससारखं मोठं रुग्णालय गाठावं. तिथे ऑपरेशनचा सल्ला मिळाला तर तो टाळू नये.