फॉलिक आम्ल आणि कर्करोगपेशींचे पोषण

पांडुरोगी रुग्णास लोह व फॉलिक आम्लाचे टॉनिक देणे आता आयुर्वेदीय चिकित्सालयांतही नित्याचे झाले आहे. धारूर परिसरात ऊसतोडीहून परतणाऱ्या स्त्रियांमध्ये पांडुरोग वरचेवर आढळतो, त्यामुळे औषधी दुकानांतही ही बाटली हातोहात खपते. परंतु क्षीण धातूंस बळ देणारे हेच द्रव्य कर्करोगपेशींसही पोसते.

या ज्ञानाचे एक मूळ मुंबईत आहे. डॉ. ल्यूसी विल्स १९२८ मध्ये मुंबईस आल्या. तेथील गर्भिणींच्या पांडुरोगावर यीस्टचा अर्क गुणकारी ठरतो, असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. हे द्रव्य पेशीत एका कार्बनच्या गटांची ने-आण करते. त्यावाचून थायमिडिन व प्युरिन पुरेसे घडत नाहीत व डीएनएची नवी प्रत तयार होत नाही. अस्थिमज्जेतील पेशी शीघ्र विभाजन पावतात, म्हणून उणीव प्रथम रक्तात दिसते. कर्करोगपेशीचे विभाजन तर अनिर्बंध! शर्करेबाबतही ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात असेच दाखविले: प्राणवायू असूनही ही पेशी शर्करेचे अर्धवटच विघटन करते. ऊर्जा थोडी मिळते, पण नव्या पेशींची सामग्री हाती येते.

बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांना फॉलिक आम्लवर्गीय द्रव्यांनी ल्युकेमियाग्रस्त बालकांचा रोग बळावल्याचे जाणवले. मग त्यांनी विरोधी द्रव्य योजिले. डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेल्या अमिनोप्टेरिनने सोळापैकी दहा बालकांत, तात्पुरती का होईना, सुधारणा झाल्याचे १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. आजचे मेथोट्रेक्सेट त्याच कुळातील आहे.

प्रस्तुत लेखकाने एकदा एका निस्तेज बालकास पूर्वीचे कागद न पाहताच टॉनिक दिले. दुसऱ्या दिवशी आजोबांनी फाइल आणली, तीत ल्युकेमियाचे निदान व मेथोट्रेक्सेट! बाटली तत्काळ परत घेतली. तेव्हापासून कागद पाहिल्याखेरीज टॉनिक द्यावयाचे नाही, हा नियम केला.

तथापि गर्भिणीचे फॉलिक आम्ल बंद करू नये. आमवातात अल्प मात्रेतील मेथोट्रेक्सेटसोबत ते चिकित्सक मुद्दाम देतात, तेही थांबवू नये. कर्करोगावर चिकित्सा चालू असलेल्यास मात्र उपचार करणाऱ्या तज्ज्ञास विचारूनच द्यावे. ‘गाठ उपाशी मारावी’ म्हणून काही जण रुग्णास लंघन घडवितात. त्याने मांसक्षय होतो आणि केमोथेरपी सोसण्याचे बळ जाते. गाठ मात्र रुग्णाच्याच धातूंतून आपले पोषण काढून घेते.