शनिवारचं टेबल

गेल्या आठवड्यात माझ्या जुन्या कॉलेजच्या नव्या 'मायनर'चा अभ्यासक्रम हाती पडला. नाव कॉग्निटिव्ह सायन्स. आत पायथॉन, मशीन लर्निंग, पुन्हा पायथॉन. तत्त्वज्ञान 'अवांतर वाचना'त, भाषाशास्त्राचा पत्ताच नाही. निवृत्त माणसाने गप्प बसावं म्हणतात. बसवत नाही.

या शास्त्राची जन्मकथा मी पहिल्याच तासाला दहा मिनिटांत उरकायचो. ११ सप्टेंबर १९५६, एमआयटीतली बैठक, एकाच दिवशी मानसशास्त्राचा मिलर, भाषाशास्त्राचा चॉम्स्की, कॉम्प्युटरवाले न्यूएल आणि सायमन. मग १९७८च्या स्लोन अहवालातला सहा विषयांचा षटकोन. झालं.

आमचा वर्ग १९९२ ते २००२, दर शनिवारी, लायब्ररीतल्या टेबलाभोवती. परीक्षा नाही, म्हणून बीए-बीएस्सीची मुलं आपणहून यायची. मराठीत 'बोधनिक विज्ञान' म्हटल्यावर एकाने विचारलं होतं, "सर, कीर्तन आहे का?"

सुरुवात वेसनच्या कोड्याने. चार पत्ते, प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. समोर दिसतात: अ, क, ४, ७. एका बाजूला स्वर असेल तर मागे सम संख्या हवी. नियम पाळलाय का हे बघायला कोणते पत्ते उलटाल? गणितवाल्यांसकट बहुतेक जण म्हणायचे, अ आणि ४. बरोबर उत्तर अ आणि ७. मग तेच कोडं लक्ष्मी रोडवर न्यायचं. तुम्ही ट्रॅफिकचे मामा. एक जण स्कूटरवर, एक पायी. तिसऱ्याकडे लायसन्स आहे, चौथ्याकडे नाही, पण हे दोघे कशावरून आले ठाऊक नाही. कोणाला अडवाल? पहिल्याला आणि चौथ्याला! क्षणात.

तर्क तोच, मग अक्कल आत्ताच कुठून आली? इथून जे भांडण पेटायचं त्याला तोड नव्हती. एका कॉम्प्युटरवाल्याने पुढच्या शनिवारी प्रोलॉगमध्ये प्रोग्रॅम लिहून आणला. दोन्ही कोडी अचूक. मानसशास्त्राची मुलगी म्हणाली, "चुकत नाही ना? मग ते माणसाच्या मनाचं मॉडेल नाही." महिनाभर तेवढंच चाललं. मी शिकवलं काहीच नाही.

२००२मध्ये अलाहाबाद विद्यापीठात या विषयाचं केंद्र निघालं. त्याच वर्षी 'जागा हवी' म्हणून आमचं टेबल उठलं.

२०१९मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' छापलं आणि अख्खा महाराष्ट्र हसला किंवा चिडला. 'त्रेसष्ट' म्हणताना तीन आधी येतात, लिहिताना सहा, मग लहान मूल ३६ लिहितं ते का? यावर आमची मुलं दोन शनिवार भांडली होती. त्यांना कोण विचारतो!

नव्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या पानावर समितीची नावं आहेत. अध्यक्ष आमचा प्रोलॉगवाला.