गोळी दमते, पण कुठवर?

हिंगोलीत राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 12 आहे, त्यामुळे चांदमारी म्हणजे काय हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. बटाआड, म्हणजे मातीच्या बंधाऱ्याआड, टार्गेट वर-खाली करायला बसलेल्या जवानाला एक गोष्ट पाठ असते: 300 मीटरवरून झाडलेली गोळी आधी डोक्यावरून 'टक्' करून जाते, बंदुकीचा 'धम्' मागाहून येतो. गोळीला हे अंतर कापायला सेकंदाचे चार दशांश लागतात, आवाजाला त्याच्या दुप्पट.

पोलिसांनी वर्षानुवर्षे वापरलेली एसएलआर रायफल घ्या. तिची 7.62 मिमीची, जेमतेम साडेनऊ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे 830 मीटर वेगाने सुटते आणि पहिल्या 100 मीटरांतच सेकंदाला सत्तरेक मीटरचा वेग गमावते. दोष गुरुत्वाकर्षणाचा नाही. ते गोळीला फक्त खाली ओढतं, 300 मीटरला पाऊण-एक मीटर. मागे खेचते ती हवा, आणि सुरुवातीला तिचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या साठपटीच्या घरात असतो! बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने 1742 साली लाकडी लंबकावर गोळ्या झाडून हवेचा हा जोर मोजला, तेव्हा जाणकारही चकित झाले. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आला आणि 1751 मध्ये कडलूरजवळच्या किल्ल्यात वारला.

खरी घसरण ऊर्जेची. ऊर्जा वेगाच्या वर्गावर ठरते, म्हणून 300 मीटरवर वेग पाऊणपट उरला तरी ऊर्जा 3,300 ज्यूलवरून 1,800 च्या आसपास येते. इन्सास रायफलची चार ग्रॅमची गोळी सेकंदाला 900 मीटरने सुटते खरी, पण हलकी असल्यामुळे तिची ऊर्जा तेवढ्याच अंतरात निम्म्याहून खाली जाते. हवेचा जोर ऋतूनुसारही बदलतो: मे महिन्यातल्या 43 अंशांत हवा थंडीतल्या पहाटेपेक्षा दहाएक टक्के विरळ असते. मग तीच गोळी थोडी कमी दमते.

पण दमली म्हणजे निकामी झाली, असं समजू नये. एसएलआरची गोळी साडेतीन किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. सरळ आभाळात झाडलेली गोळी परतताना सेकंदाला 90 मीटरच्या आसपास असते, तरी डोक्यावर पडली तर जीव घेऊ शकते. तिरकी झाडलेली याहून वाईट, कारण तिचा पुढचा वेग पुरता संपलेला नसतो. वरातीत बार उडवणाऱ्या हौशी मंडळींनी एवढं ध्यानात ठेवावं: शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनुसार अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.