गल्ल्यावरची अर्धवेळ नोकरी

आपणांपैकी कित्येकांची मुले इंग्लंडात शिकावयास जातात आणि खर्चास हातभार म्हणून सायंकाळी एखाद्या मोठ्या दुकानाच्या गल्ल्यावर बसतात. पदवीच्या परदेशी विद्यार्थ्यास सत्र चालू असता आठवड्यास 20 तासांहून अधिक काम करता येत नाही; पुष्कळांना त्याहून कमीच मिळते.

23 मार्च 2020 रोजी तेथे करोनामुळे टाळेबंदी पुकारली गेली. अन्नधान्याची दुकाने मात्र उघडी राहिली. काल ज्याच्याकडे गिऱ्हाईक मान वर करून पाहत नसे, तो नोकर सरकारी यादीत अत्यावश्यक ठरला! त्याच्यापुढे पारदर्शक पडदा आला, जमिनीवर दोन मीटरांच्या खुणा उमटल्या.

खरी मेख हिशेबात होती. आजारी नोकरास मालकाने आठवड्यास 95.85 पौंड द्यावेत, असा त्या वर्षी कायदा होता. परंतु त्यासाठी आधीच्या आठ आठवड्यांची सरासरी मिळकत दर आठवड्यास निदान 120 पौंड हवी. पंचविशीवरील कामगारास किमान वेतन तासाला 8.72 पौंड. म्हणजे 12 तासांचे झाले 104.64. ताप आल्यास घरी राहा, ही सरकारची आज्ञा. आणि राहिल्यास कायद्याने हाती काहीच नाही. दोनच तास अधिक असते, तर हक्क लागू झाला असता.

काही मोठ्या दुकानांनी आपखुषीने पगार चालू ठेवला, हे नमूद केले पाहिजे. पण ती मर्जी होती. त्या दिवसांत खोकला दाबून कामावर गेलेल्या एखाद्या मुलाने घरी दूरध्वनीवर “सर्व ठीक आहे” असे सांगितले असेल, तर त्यात खोलीच्या भाड्याचाही हिशेब होता.